पोटरीपुराण

परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या गणपतीतली गोष्ट. शिकागोजवळच्या आमच्या गावात मिरवणुकीसाठी लेझीम पथक काढायचे ठरले आणि 'तरुण मंडळींनी नावे द्यावीत' असे पत्रक आले. आम्ही लगेच नाव दिले. शाळेत आम्ही लेझमीत पुढच्या रांगेत असायचो, हे आम्हाला चांगले आठवत होते. त्याला ३० वर्षे होऊन गेली, हे मात्र आठवत नव्हते. या ३० वर्षांपैकी वीस-बावीस वर्षे आम्ही अमेरिकेत आहोत, म्हणजे खुर्चीत आहोत. घरातून उठून गाडीत, गाडीतून उठून ऑफिसात आणि ऑफिसातून परत सोफ्यावर. एम.एस. करायला आलो तेव्हा गाडी नव्हती म्हणून जे काय चालणे झाले तेवढेच!

तिसऱ्या दिवशीच्या सरावात एक उडी मारून खाली आलो आणि डाव्या पोटरीवर मागून कोणीतरी काठी हाणावी तसा फटका बसला. 'टक्' असा आवाजही आला. आम्ही रागाने मागे वळून पाहिले. आमच्या मागे ज्यांची लेझीम होती ते गृहस्थ चांगले चार पावले लांब उभे होते आणि आमच्याकडेच आश्चर्याने बघत होते. तोपर्यंत पाय टेकवेना. आम्ही तिथेच जमिनीवर बैठक मारली.

सुदैवाने आमच्या मंडळातल्या डॉक्टरीणबाई ढोलपथकात होत्या. ढोल उतरवून त्या आल्या आणि त्यांनी आम्हाला पालथे झोपायला लावले. मग पोटरी दोन्ही बाजूंनी हाताने दाबून पाहिली. दाबली की आमचे पाऊल आपोआप हलत होते. "टाचेची शीर शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "ती तुटली असती तर पाऊल हललं नसतं आणि तुम्हाला आजच इस्पितळात पाठवावं लागलं असतं. हा स्नायू थोडा फाटलाय. मागे कोणी मारलं म्हणून वळून पाहिलंत ना? सगळे पाहतात!"

या दुखण्याला इंग्रजीत 'टेनिस लेग' म्हणतात. १८८३ साली लॅन्सेट या वैद्यकीय पत्रात ते पहिल्यांदा नोंदले गेले तेव्हा लॉन टेनिस नवे होते आणि चाळिशीतले साहेब लोक अचानक उड्या मारू लागले होते. म्हणजे आमच्या दुखण्याला 'लेझीम लेग' म्हणायला हरकत नाही. हे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतच होते, कारण या वयात स्नायू म्हातारा होऊ लागलेला असतो आणि डोके अजून शाळेतच असते.

आता थोडे यंत्रशास्त्र. आम्ही पडलो इंजिनिअर, त्यामुळे एखादी वस्तू मोडली की ती आतून कशी आहे हे पाहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. पोटरीत मुख्यतः दोन स्नायू. वरचा गॅस्ट्रोक्नेमिअस, जो आपल्याला बाहेरून गोल दिसतो. तो गुडघ्याच्या वरून सुरू होतो, उडी मारायला, धावायला लागतो आणि फाटतो तो बहुतेक हाच. त्याच्या खाली सोलिअस, चपटा आणि कष्टाळू, आपण नुसते उभे असलो तरी याचे काम चालूच. दोघे मिळून खाली टाचेच्या जाड शिरेत उतरतात. आणि या दोघांचे आणखी एक काम आहे. पायातले रक्त वर हृदयाकडे चढवायचे असते, गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध. त्यासाठी पायाच्या खोलवरच्या नीलांमध्ये एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा आहेत. आपण पाऊल टाकले की पोटरी आवळते, नीला दाबली जाते, रक्त वर जाते आणि झडप बंद होते. म्हणून पोटरीला 'दुसरे हृदय' म्हणतात. नोकरीत आम्ही पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह यांचेच काम करतो, त्यामुळे आम्हाला ही रचना फारच आवडली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिचे काम पुढे आहे.

घरी आल्यावर आमच्या सौ. तेलाची बाटली घेऊन आल्या. पोटरी दुखली की तेल लावून चोळायचे, हे आपल्याला जन्मापासून माहीत. आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्या वारकऱ्यांचे पाय मुक्कामाच्या गावी लोक तेल लावून चेपून देतात, त्यांना बरे वाटते आणि चेपणाऱ्याला पुण्य मिळते. थकलेल्या पायाला ते योग्यच आहे. पण डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावले होते, "चोळायचं नाही. आत ताजी जखम आहे. चोळलं तर रक्तस्राव वाढेल." सौ.नी बाटली परत ठेवली, जरा नाराजीनेच.

मग काय केले? पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच आणि कामापुरते चालणे. बर्फ थोडा वेळ, दुखणे कमी वाटावे म्हणून. बर्फाची गंमत अशी, की विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हा चार कलमी मंत्र १९७८ साली डॉ. गेब मर्किन यांनी आपल्या पुस्तकातून दिला आणि साऱ्या अमेरिकेने तो पाठ केला. त्याच मर्किनसाहेबांनी २०१४ साली जाहीर केले, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून यायला उलट वेळ लागू शकतो. सूज हीच दुरुस्तीची पहिली पायरी आहे. आपलेच म्हणणे इतक्या वर्षांनी चुकले असे छापून सांगणारा माणूस आम्हाला मोठा वाटला. आजचा सल्ला असा, की पहिले काही दिवस जपा, मग सोसेल तेवढे हळूहळू हलवा, चाला आणि भार वाढवत न्या. आम्ही बुटात टाचेखाली एक गादी घातली. तिसऱ्या आठवड्यात कट्ट्याला धरून दोन्ही टाचा उचलणे सुरू केले, मग एका पायावर. दीड महिन्यात आम्ही पूर्ववत झालो. मिरवणूक अर्थात खुर्चीत बसून पाहिली.

त्या दीड महिन्यात आणखी एक प्रकार घडला. आम्ही काठी टेकत दसऱ्याच्या आणि पुढे दिवाळीच्या कार्यक्रमाला गेलो आणि जो भेटेल तो आपापली पोटरी आम्हाला सांगू लागला. आम्ही ऐकून घ्यायचो, घरी येऊन वाचायचो, अडले की डॉक्टरीणबाईंना विचारायचो. थंडी पडेपर्यंत आम्ही पोटरीचे जाणकार म्हणून प्रसिद्ध झालो होतो. त्यातले काही वाचकांच्या उपयोगाचे आहे म्हणून सांगतो.

सगळ्यात जास्त गिऱ्हाईके रात्रीच्या वांबेची. पहाटे तीन वाजता पोटरीत गोळा येतो, माणूस ओरडत उठतो आणि शेजारी झोपलेले माणूसही उठते. उपाय एकच आणि फुकटचा. गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटे आपल्याकडे ओढायची, किंवा उठून त्या पायावर उभे राहायचे. २०१२ साली हॉलंडमध्ये पंचावन्नच्या पुढच्या ८० जणांवर एक प्रयोग झाला. ज्यांनी सहा आठवडे झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीच्या मागचा स्नायू ताणला त्यांच्या वांबा निश्चित कमी झाल्या. मॅग्नेशियमच्या गोळ्या आपल्याकडे घरोघरी दिसतात, पण सगळे प्रयोग एकत्र तपासल्यावर वयस्कर माणसांच्या वांबेवर त्यांचा म्हणण्यासारखा उपयोग दिसलेला नाही. आणि पूर्वी यासाठी क्विनाइन देत असत, ते मुळीच घेऊ नये. रक्तावर आणि हृदयावर त्याचे गंभीर परिणाम होऊ शकतात म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने २००६ पासून त्याविरुद्ध स्पष्ट इशारे दिले आहेत.

लोणच्याचे पाणी हा एक खास अमेरिकन उपाय. २००० सालच्या सप्टेंबरात फिलाडेल्फिया ईगल्सचा संघ टेक्सासच्या भट्टीसारख्या उन्हात डॅलसशी खेळला आणि जिंकला. खेळाडूंना वांबा आल्या नाहीत याचे श्रेय त्यांनी काकडीच्या लोणच्याच्या पाण्याला दिले. पुढे २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात साध्या पाण्यापेक्षा या पाण्याने वांब लवकर सुटली. इतकी लवकर, की ते मीठ रक्तात पोचायलाही वेळ मिळाला नसेल. आंबट चवीने घशातूनच मेंदूला काही संदेश जात असावा असा संशोधकांचा तर्क आहे. हे ऐकून आमच्या एका मित्राने कैरीच्या लोणच्याचा खार चमचाभर घेऊन पाहिला. वांब सुटली म्हणतो. पण त्याला रक्तदाब आहे, त्यामुळे हा प्रयोग आम्ही इतरांना सुचवत नाही.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर एकदम पळायला लागणारे. ऑक्टोबरची शिकागो मॅरेथॉन डोळ्यांपुढे असते. मग नडगीच्या आतल्या कडेने दुखू लागते. हाड आणि त्याला चिकटलेले स्नायू यांच्यावर सवय नसताना भार पडल्याचे ते दुखणे. अंतर कमी करायचे आणि हळूहळू वाढवायचे. मात्र बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल तर ते दाखवून घ्यावे, हाडाला बारीक चीर असू शकते.

तिसरे, टाचेच्या शिरेचे दुखणे. याची एक गोष्ट आहे. स्वीडनचे हाडांचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांची स्वतःचीच शीर दुखत होती, पण वरिष्ठ शस्त्रक्रिया करायला तयार होईनात. तेव्हा शीर एकदाची तुटू दे म्हणजे करावीच लागेल, या ईर्ष्येने त्यांनी दुखत्या पायावर मुद्दाम भार द्यायला सुरुवात केली असे सांगतात. शीर तुटायच्या ऐवजी बरी झाली! १९९८ साली त्यांनी हा व्यायाम १५ जणांवर करून छापला. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडायची, रोज १८० वेळा, १२ आठवडे. आज जगभर फिजिओथेरपिस्ट याचेच प्रकार शिकवतात.

चौथे गिऱ्हाईक जरा काळजीचे. इथे मुलाकडे आलेले एक काका रोज सकाळी फिरायला जात. कोपऱ्यावरच्या मेपलच्या झाडाशी पोचले की दोन्ही पोटऱ्या भरून येत. दोन मिनिटे थांबले की बरे वाटे आणि पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा तेच. वयाने होत असेल असे सगळे म्हणत. पण इतके मोजून येणारे दुखणे स्नायूचे नसते, ते पुरवठ्याचे असते. नळी अरुंद झाली की बसलेल्या माणसाला पुरते आणि चालणाऱ्याला पुरत नाही. जर्मनीत याला दुकानांच्या काचा बघण्याचा रोग म्हणतात, कारण माणूस थांबल्याचे लपवायला दुकानात बघत उभा राहतो. काका लोकांच्या हिरवळी बघत उभे राहायचे. ३० वर्षे सिगारेट आणि मधुमेह. घोट्याजवळचा रक्तदाब आणि दंडावरचा रक्तदाब यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली आले तर नाडी अरुंद आहे असे समजतात. उपचार म्हणजे सिगारेट बंद, साखर ताब्यात, गोळ्या आणि पुन्हा चालणेच. दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. इथला मेडिकेअर २०१७ पासून अशा देखरेखीखालच्या चालण्याचे १२ आठवड्यांत ३६ वर्ग देतो. ज्यांच्या पोटऱ्या चालताना भरून येतात, पण दुकानातली ढकलगाडी धरून पुढे वाकले की बरे वाटते, त्यांचे मूळ बहुतेक कमरेच्या मणक्यात असते.

आणि कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या. त्यांनी स्नायू दुखू शकतात, बहुधा दोन्ही बाजूंनी. पण २०२० साली लंडनच्या एका प्रयोगात असे दिसले, की गोळी बंद करावी लागलेल्या लोकांना साखरेच्या खोट्या गोळीनेही जवळजवळ तितकाच त्रास होत होता. तेव्हा दुखते म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नये. डॉक्टरांना विचारावे, ते मात्रा किंवा गोळी बदलून देतात.

हे सगळे ज्ञान गोळा करून आम्ही हिवाळा सुखात काढला. मग मे महिन्यात आई आली.

आईचे वय ७४. पुण्याहून मुंबई, मुंबईहून आखातात, तिथे विमान बदलून शिकागो. सगळा मिळून चोवीस तासांच्या वरचा प्रवास. तिला इंग्रजीची अडचण नको, लांब चालायला नको म्हणून आम्हीच हौसेने व्हीलचेअर सांगून ठेवली होती. म्हणजे काय झाले पाहा. विमानात ती बसून, मधल्या विमानतळावर तीन तास बसून, पुन्हा विमानात बसून. खिडकीची जागा आम्हीच मागून घेतलेली. शेजारचा माणूस झोपलेला, त्याला उठवायचे कसे, म्हणून ती उठलीच नाही. आणि उठावे लागू नये म्हणून पाणीही प्यायली नाही. आपल्या सगळ्यांचे आई-वडील असेच येतात. आपण त्यांना फुलासारखे जपून आणतो आणि त्यांची ती 'दुसरी हृदये' चोवीस तास बंद ठेवतो.

ती आली गुरुवारी. शनिवारी आम्हाला ती किंचित लंगडताना दिसली.

"आई, पाय दुखतोय का?"

"काही नाही रे. पोटरीत गोळा आलाय. प्रवासाचा शीण. उतरेल."

झाले. पोटरी म्हटल्यावर आमच्यातला जाणकार जागा झाला. रात्री वांब येते का, चालताना वाढते का, असे दोन-तीन प्रश्न विचारले आणि निदान सांगून टाकले, बसून बसून स्नायू आखडलाय. गरम पाण्याची पिशवी दिली. आणि त्या रात्री तिने आणलेले नारायण तेल घेऊन आम्ही स्वतः तिची पोटरी पंधरा मिनिटे चांगली चोळून दिली. आई म्हणाली, "सातासमुद्रापार येऊन मुलाकडून पाय चेपून घ्यायला भाग्य लागतं." आम्हाला धन्य वाटले. रविवारी आणि सोमवारी पुन्हा चोळली.

मंगळवारी संध्याकाळी आमची मुलगी आजीला मोजे घालून देत होती. वय नऊ, मराठी तिच्या पद्धतीचे. ती म्हणाली, "आजी, तुझा हा पाय जाडा का आहे? दुसरा तर बारीक आहे."

आम्ही उठून पाहिले. तीन दिवस आम्ही तो पाय हातात घेतला होता, पण एकच पाय. दुसरा लुगड्याखाली होता आणि तो पाहावा असे आम्हाला एकदाही सुचले नव्हते. शिवणकामाची टेप आणली आणि गुडघ्याच्या खाली दोन्हीकडे सारख्याच अंतरावर मोजले. उजवी पोटरी ३४ सेंटीमीटर, डावी ३८. हाताला गरम, दाबले की खळगा पडत होता. "आई, हे केव्हापासून?" "आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुम्हाला कशाला उगीच खर्चात पाडायचं? इथले डॉक्टर म्हणजे किती पैसे घेतात, ऐकलंय मी."

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी आमचे आकडे ऐकले आणि एवढेच विचारले, "चोळलंत का?" आम्ही गप्प. "आता हात लावू नका. आत्ता, या मिनिटाला घेऊन जा. वाटेत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर गाडी थांबवून ९११ फिरवा."

ती अर्ध्या तासाची वाट आमच्या जन्मात विसरणार नाही. आई मागे बसून बाहेरची झाडे बघत होती आणि आम्ही आरशातून तिचा श्वास मोजत होतो.

इस्पितळात डॉप्लर सोनोग्राफी झाली. तपासनीसबाई नीलेवर यंत्र दाबत होत्या. निरोगी नीला दाबली की पडद्यावर मिटते. आईची मिटेना. पोटरीपासून गुडघ्याच्या मागेपर्यंत रक्ताची गुठळी होती. याला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात, म्हणजे खोल नीलेत रक्त गोठणे. पाय दुखणे हा त्यातला लहान धोका. मोठा धोका हा, की तुकडा सुटून वर फुप्फुसात जाऊन अडकतो, आणि माणूस मिनिटांत जाऊ शकतो. चोळून नेमके तेच व्हायची भीती असते. आईचे दैव बलवत्तर, तसे झाले नव्हते.

बसून राहण्याने हे होते, ही माहिती काही नवी नाही. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक रात्र रात्र तळघरांत घडीच्या खुर्च्यांवर बसून काढत. त्यांतले काही असे अचानक जाऊ लागले, तेव्हा कीथ सिम्प्सन या डॉक्टरांनी ते लॅन्सेटमध्ये लिहिले. १९५४ साली बोस्टनच्या जॉन होमन्स यांनी लांबच्या बैठ्या प्रवासाशी त्याचा संबंध दाखवला, त्यात विमानही होते. २००३ साली इराकमध्ये एनबीसीचे वार्ताहर डेव्हिड ब्लूम वयाच्या ३९व्या वर्षी याच कारणाने गेले. लष्करी गाडीत दिवसचे दिवस पाय आखडून बसलेले, आणि पाय दुखत होता तो त्यांनी सहन केला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालाप्रमाणे चार तासांच्या वर बसून केलेल्या प्रवासाने, मग ते विमान असो, बस असो की मोटार, ही शक्यता साधारण दुप्पट होते. तरीही निरोगी माणसाला ती सहा हजारांत एक इतकीच आहे, तेव्हा घाबरून भारतात जाणे बंद करायचे कारण नाही. वय, लठ्ठपणा, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हार्मोनच्या गोळ्या, गरोदरपण किंवा पूर्वी झालेली गुठळी, यांनी ती वाढते. अशांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

उपचार आता पूर्वीपेक्षा सोपा झालाय. पूर्वी इस्पितळात ठेवून हेपरिन आणि मग वॉरफरिन, त्याबरोबर सारखी रक्ततपासणी आणि पालेभाजीवर नजर. आईला रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्या दिल्या, तीन महिने. मेथी-पालक चालेल हे ऐकून तिचा निम्मा आजार तिथेच बरा झाला. डॉक्टरांनी एकच ताकीद दिली, या गोळ्यांबरोबर विचारल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घ्यायचे नाही. दुसऱ्या दिवशीच आई घरी आली. गाडीत बसल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "किती झाले?" आम्ही थाप मारली. प्रवासी विमा निघण्यापूर्वी काढला होता म्हणून ती थाप अगदीच मोठी नव्हती.

नंतर पुष्कळ दिवस आम्हाला एकच गोष्ट खात होती. नऊ वर्षांच्या मुलीला जे दिसले ते आम्हाला का दिसले नाही? कारखान्यात पंप बिघडला तर आम्ही शेजारच्या चालू पंपाशी आधी तुलना करतो. इथे शेजारचा पंप तिथेच होता, फुकट. पण आमच्याजवळ निदान तयार होते ना! ज्याच्याजवळ उत्तर तयार असते तो प्रश्न नीट पाहत नाही.

म्हणून मंडळी, एवढे पुराण सांगून आमचे मागणे एवढेच आहे. पोटरी दुखली तर तेलाची बाटली उघडण्याआधी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही सारखे दिसत असतील, उडी मारताना किंवा पळताना दुखले असेल, तर बहुतेक स्नायूच आहे आणि तो बरा होतो. पण एकच पाय सुजलाय, गरम किंवा लाल आहे, आणि गेल्या काही आठवड्यांत लांबचा प्रवास, आजारपण किंवा शस्त्रक्रिया झालीय, तर चोळू नका, शेकू नका, त्याच दिवशी दाखवा. टेप लावून तीन सेंटीमीटरचा फरक निघाला तर डॉक्टर तो महत्त्वाचा धरतात, पण फरक कमी निघाला म्हणूनही घरी थांबू नका. मार लागल्यावर पोटरी दगडासारखी घट्ट झाली, मारापेक्षा कितीतरी जास्त दुखू लागली आणि पाऊल बधिर झाले, तर तेही तातडीचे.

आणि आई-वडील येणार असतील तर त्यांना कडेची जागा घेऊन द्या. जागे असताना दर तासाला घोटे वर-खाली करायला आणि जमेल तेव्हा उठून चालायला सांगा. पाणी पिऊ द्या. गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे चांगले, पण पायाच्या नाड्या अरुंद असतील तर विचारून. नुसत्या प्रवासासाठी ॲस्पिरिन घ्यायचा सल्ला आता देत नाहीत. विमा काढा. आणि विमानतळावरून घरी येतानाच त्यांना सांगा, की काही दुखले तर पहिल्या दिवशी सांगायचे, पैशाचा विचार आमच्यावर सोडायचा. त्यांनी लपवायचे आणि आपण विचारायचे नाही, हा शिष्टाचार फार महाग पडतो.

आई ऑक्टोबरमध्ये परत गेली. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली होती, मोजे पायात होते. विमानतळावर व्हीलचेअरवाला आला तेव्हा तिने तिच्यावर आपली पिशवी ठेवली आणि त्याला मराठीत म्हणाली, "तू ढकल, मी चालते." पुण्याला पोचल्यावर फोन आला. खुशाली, हवा, मोलकरीण, सगळे सांगून झाल्यावर शेवटी म्हणाली, "आणि हो, दोन्ही पाय पाहिले बरं का. सारखेच आहेत."